पाचवं ताट

मी तोंडाळ आहे, हे आधीच सांगून टाकते. मागनं कुणी म्हणायला नको, की रेश्मानं सांगितलं नव्हतं.

माझ्या मोठ्या जाऊबाई बनुबाई. मी त्यांना आक्का म्हणते. वय साठीच्या आसपास. आधार कार्डावर एक जून आहे, म्हणजे खरं कुणालाच माहीत नाही. बोलणं कमी आणि हट्ट जास्त. थोरले दीर गेले तेव्हा पल्लवी, त्यांची एकुलती एक पोर, आठ वर्षांची होती. आक्कांनी दोन म्हशींच्या दुधावर तिला वाढवली, बी.कॉम. केली. सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या पलीकडं आमचं गाव, आणि गावात आमची दोन घरं एकाला एक लागून, मधली भिंत सामाईक. त्यांच्या घरातलं मला ऐकू येतं आणि माझ्या घरातलं अख्ख्या गल्लीला.

गावात कुणाकडं पंगत असली, मग बारसं असो की वास्तुशांत, पहिलं बोलावणं आक्कांना जातं. स्वयंपाकाला नव्हे, ताटाभोवती महिरप काढायला. पाटापुढं उकिडव्या बसल्या आणि चिमूट सोडली की बघता बघता ताटाला नक्षीची कमान तयार. रांगोळीच पाहिजे असंही नाही. हळद, झेंडूच्या पाकळ्या, फुटक्या बांगड्यांचे तुकडे, एकदा तर भुईमुगाच्या शेंगांची टरफलं. पण एक आहे. दुसऱ्या कुणी काढलेली महिरप जरा वाकडी दिसली, की आक्का ती तिथल्या तिथं पदरानं पुसतात आणि परत काढतात. सरपंचांच्या बायकोची पुसली होती, तिच्यादेखत. आणि स्वतः काढलेल्या पंगतीत त्या कधी बसल्या नाहीत. वाढणाऱ्यांत असायच्या आणि सगळ्यांच्या शेवटी, चुलीपाशी, मिळेल त्यात जेवायच्या.

पैसे घेत नाहीत. "हातातल्या गुणाचं कुनी पैसं घेतं व्हय?" म्हणतात. मग लोक भांडं देतात. आणि आपल्या लोकांना भांडं दिलं की त्यावर नाव घातल्याशिवाय चैन पडत नाही. कुणी दिलं, कशापायी दिलं, तारीखवार, टिंब टिंब करून कोरलेलं. आक्कांच्या घरी पाणी मागा, तांब्याबरोबर कुणाचं तरी लग्न येतं. त्यांच्या फळीवर सगळं गाव मांडलेलं आहे, फक्त त्यांचं स्वतःचं नाव कशावरच नाही.

तर पल्लवी कुपवाडला एका कारखान्याच्या ऑफिसात लागली आणि तिथं तिला राजस भेटला. इंजिनियर, सांगलीचा, वागायला सरळ. आई उमाताई. वडील शरच्चंद्रराव, हायस्कुलात मराठी शिकवून रिटायर झालेले. माणसं चांगली. खरं सांगू का, चांगल्या माणसांचा ताप जास्त, कारण त्यांच्यावर रागवता येत नाही. लग्न ठरताना आक्का म्हणाल्या, "जेवनाची पंगत माझी." तर ते दोघं नवराबायको हात जोडून म्हणाले, "अहो, तुम्ही काहीही करू नका. तुम्ही फक्त या." पत्रिकेत छापलं, 'कृपया आहेर व भांडी आणू नयेत.' सांगलीत हॉल घेतला आणि जेवायला बुफे. चार गावच्या पंगती सजवणारी बाई पोरीच्या लग्नात नवी साडी नेसून, हातात कागदाची प्लेट धरून, भिंतीला लागून उभी. मला असा संताप आला होता, की मी त्या संतापात सात गुलाबजाम खाल्ले.

परत येताना कराड आलं तेव्हा आक्का जीपमध्ये माझ्याकडं वळल्या. मग एवढंच म्हणाल्या, "एकदा त्यास्नी माझ्या घरात, माझ्या हातानं बसवून जेवाय घालायचं हाय बघ रेश्मा. मग काय का हुईना."

ती वेळ आली दिवाळीत. जावयाचा पहिला दिवाळसण. पाडव्याला सगळ्यांनी जेवायला या, असा आक्कांनी निरोप धाडला आणि दुसऱ्या दिवशी उमाताईंचा फोन आला. मी स्पीकर लावला, कारण आक्का फोन कानाला उलटा धरतात.

"आम्ही चौघंही येतो," उमाताई म्हणाल्या. "फक्त ह्यांचे दोन्ही गुडघे बदललेत ना, खाली बसणं डॉक्टरांनी बंद केलंय. तुम्हाला उगीच टेबलबिबलाचा त्रास नको. साताऱ्यात एक छान हॉटेल आहे, आपण सगळे तिथंच जेवू. आमच्याकडून."

पाखडता पाखडता आक्कांच्या हातातलं सूप थांबलं.

"त्रास कसला? टेबल हाय आमच्यात," त्या म्हणाल्या आणि मला फोन बंद करायची खूण केली.

मी घरभर नजर फिरवली. चूल, फळी, खाट, पिंप. "आक्का, टेबल कुठाय?"

"हुईल," म्हणाल्या आणि परत पाखडायला लागल्या.

मला कळत होतं त्यांच्या पोटात काय चाललंय ते. टेबल मिळालं नाही, किंवा मिळून शोभलं नाही, तर पुढच्या वर्षापासून दिवाळसण हॉटेलात. म्हणजे आक्का परत भिंतीला लागून उभ्या.

पैशाचं म्हणाल तर जावयाची अंगठी आणि विहिणीची साडी यातच म्हशीची शिल्लक संपलेली. दिराकडनं, म्हणजे आमच्या ह्यांच्याकडनं, घ्यायचे नाहीत, हा हट्ट. मी विचारलं, "सजावटीला काय ठेवलंय?"

"सजावटीला पैसा लागत न्हाई गं. सवड लागती."

म्हणायला सोपं आहे. मी गुपचूप पप्पूला फोन लावला. गावात मंडप-डेकोरेशनचा धंदा त्याचा. तर पप्पू म्हणतो, "काकी, ऐन दिवाळीत टेबल? समदी टेबलं फटाक्याच्या स्टॉलला गेल्याती. खुर्च्या पायजेत तर घ्या." पाच खुर्च्या पाठवल्या, भाडं न घेता. एवढं बरं केलं.

मग आमच्या ह्यांनी सूत्रं हातात घेतली. लालासाहेब. पलटणीत बावीस वर्षं काढली, त्यातली सोळा आफिसर मेसमध्ये. हवालदार म्हणून रिटायर झाले, पण गाव सुभेदार म्हणतं आणि हे कुणाला दुरुस्त करत नाहीत.

"वैनी, टेंशन लेने का नहीं," हे मिशीवर हात फिरवत म्हणाले. "मेसमध्ये म्या जनरलसायबाचं टेबल लावलंय. ह्ये काय हाय?"

आणि काय केलं असेल? आक्कांचं मागचं, परड्याकडचं दार बिजागरीतून काढलं. मी शिलाई करते, तर माझं पायमशीन आणि सासूबाईंचं जुनं पायमशीन, अशी दोन्ही उचलून आक्कांच्या सोप्यात आणली, त्यांची मुंडकी आत वळवली आणि वर दार आडवं टाकलं. दिसायला टेबल झालं, खोटं कशाला बोलू. पण परड्याच्या बाजूला भोकच पडलं, आणि तिथनं म्हैस दिवसभर तोंड घालून आमचं काय चाललंय ते बघत राहिली.

कापडावरनं पहिलं भांडण झालं. ह्यांना पांढरी चादर पाहिजे, मेससारखी. आक्कांना त्यांची हिरवी इरकल अंथरायची होती. शेवटी खाली चादर आणि मधनं इरकलीची घडी, असं ठरलं. चादरीच्या कोपऱ्यात काळ्या शाईनं ह्यांचा पलटणीतला नंबर छापलेला होता, त्यावर मी केळ्यांचा फणा ठेवला.

दुसरं भांडण उसाच्या तुऱ्यावरनं. मी बांधावरनं चार-पाच पांढरे शुभ्र तुरे कापून आणले, तांब्यात लावले, झेंडू खोचले. फुकटात असं देखणं काम झालं, की मी स्वतःच दोन मिनिटं बघत उभी राहिले. तर हे ओरडले, "अक्कल हाय का? तुरा आल्याला ऊस पावण्यांला दाखवतीस? उसाचं वजन घटतंय म्हनून मी हितं रडाय लागलोय!"

"तुमच्या उसाचं वजन मराठीच्या मास्तरांना काय कळतंय? त्यांना फूलच वाटणार," मी म्हटलं. तुरे राहिले.

पाडव्याच्या सकाळी आक्का महिरपीला आल्या. टेबलावर जेवणाला लागून दगडाची रांगोळी नको, म्हणून त्यांनी वाट्यांत मसूर डाळ, हिरवे मूग, उडीद आणि हळदीत घोळलेले तांदूळ घेतले होते. सगळं घरातलंच. टेबलापुढं उभ्या राहिल्या, चिमूट सोडली. वाकडी. पुसली. परत सोडली. परत वाकडी.

"उभ्यानं माझा हात चालत न्हाई," म्हणाल्या, आणि मी "आक्का, आक्का" म्हणेपर्यंत खुर्चीवरनं टेबलावर चढून मधोमध मांडी घालून बसल्या. मग हात असा चालला, की मी आणि शेजारची सुलाबाई बघतच राहिलो. मसुराच्या वेली, मुगाची पानं, पिवळ्या तांदळाची कमान. एक झाली, की बुडावरच वळायच्या आणि दुसरी घ्यायच्या. पाचवी पुरी झाली तेव्हा आक्कांच्या लक्षात आलं, की चारी बाजूंनी महिरपी आहेत आणि उतरायला वाटच नाही.

"आता गं?" म्हणाल्या.

ह्यांना हसू आवरेना, आणि वहिनीला हात लावून उचलायचं तरी कसं? "मी भायेर बघतो," म्हणून पळाले. मी आणि सुलाबाई दोन खुर्च्यांवर उभ्या राहिलो, आक्कांच्या काखेत हात घातले आणि त्यांना उचललं. आक्कांनी पाय पोटाशी घेतले होते, अन् वर आमच्यावरच ओरडत होत्या, "मूग! माझं मूग सांभाळा!" एक दाणा हलला नाही. माझी कंबर मात्र अजून दुखते.

आता राहिली ताटं. मांडायला घेतली आणि मी काठावरची नावं वाचत गेले. एकावर 'चि. पप्पू याचे बारशाप्रीत्यर्थ, सुलाबाईकडून'. एकावर दूध डेअरीनं दिलेलं, 'म्हैस गट, प्रथम क्रमांक'. दोन वास्तुशांतीची. आणि एकावर चक्क 'कै. आकाराम दादू माने यांचे स्मरणार्थ'. दिवाळसणाला पाहुण्यांना मेलेल्या माणसाच्या नावाचं ताट वाढायचं?

"आक्का, बिननावाची पाच तरी असतील की!" म्हणत मी खाटेखाली शिरले. तिथं एक पोतं लागलं. उघडलं तर आत पाच कोरी करकरीत ताटं, तोंड दिसेल अशी. काठावर कोरलेलं, 'चि. पल्लवी हिस लग्नात आईकडून'.

"ही काय! हीच घेऊ या की," मी म्हटलं.

आक्कांनी पोतं माझ्या हातातनं ओढून घेतलं. "ठेव ती. दिल्याली हाईत ती."

"घेतली कुठं त्यांनी? भांडी नको म्हणून छापलं होतं की."

"मी दिल्याती. त्येंनी घेतली न्हाईत म्हनून काय ती माझी हुत्यात व्हय? लेकीला दिल्याल्या ताटात मी हात घालनार न्हाई." आणि पोतं परत खाटेखाली गेलं. संच सहाचा असतो, मग ही पाचच कशी, हे मला तेव्हा सुचलंच नाही.

अखेर ह्यांचं मेसचं डोकं चाललं. "मेसमध्ये हर आदमीच्या म्होरं नावाचं कार्ड असतंय. कार्ड काठावर ठेवा, खालचं नाव झाकतंय." जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून मी पाच कार्डं केली, मधे दुमडली आणि ताटांच्या काठावर बसवली. कै. आकारामतात्यांचं ताट मुद्दाम ह्यांना ठेवलं. त्यांना काय फरक पडतो? लढाईत जाऊन आलेला माणूस.

पाहुणे बाराला आले. पल्लवी आत आली आणि टेबल बघून दारातच थांबली. राजसनं "आई!" म्हणून कौतुकानं आक्कांकडं बघितलं. उमाताईंनी चार बाजूंनी फोटो काढले. शरच्चंद्रराव तुऱ्यांना हात लावून म्हणाले, "ही फुलं कुठून मागवलीत?" आमच्या ह्यांनी छाती काढून सांगितलं, "हमारे खेत की हैं." मी ह्यांच्याकडं बघितलं, तर हे छताकडं बघायला लागले.

बसायची वेळ झाली आणि ह्यांच्या डोक्यात परत मेस घुसली. मुख्य पाहुणा यजमानाच्या उजव्या हाताला पाहिजे, म्हणून ह्यांनी फटाफट कार्डं बदलली. ताटं जाग्यावरच राहिली. मी पुरणपोळीवर तूप घालत होते, मला पत्ता नाही.

आक्का वाढत होत्या. कटाची आमटी, भजी, कोशिंबीर, पोळी. चेहरा असा फुलला होता त्यांचा, मी कित्येक वर्षांत तसा बघितला नव्हता. आणि तेवढ्यात टेबल बोललं.

'खडखडखड.'

सगळे थांबले. टेबलही थांबलं. शरच्चंद्ररावांनी घास घेतला. 'खडखडखड.' मशीनचं पायडल बांधून ठेवायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांना डॉक्टरांनी गुडघे सतत हलवत ठेवा म्हणून सांगितलेलं, आणि खाली पायाला आयतं पायडल मिळालेलं. बिचारे आपले व्यायाम करत होते. दार थरथरायला लागलं, मसुराच्या वेली सरकायला लागल्या, मूग टणाटण उडून आमटीत पडले, आणि पाचही कार्डं एकामागनं एक आडवी झाली.

शरच्चंद्रराव छापील, कोरीव, कसलंही अक्षर दिसलं की वाचणारे. चष्मा सारखा केला आणि वर्गात वाचावं तसं मोठ्यानं वाचलं, "कैलासवासी आकाराम दादू माने यांचे स्मरणार्थ."

मी तुपाची वाटी खाली ठेवली. ह्यांची नजर ताटात गेली. झालं, मी मनात म्हटलं, आता पुढच्या वर्षी हॉटेल.

"हे कोण?" शरच्चंद्ररावांनी विचारलं.

आक्कांना खोटं बोलता येत नाही. "आकारामतात्या, पावणं. त्येंच्या वर्षश्राद्धाला दिलं व्हतं त्येंच्या लेकानं. लय जेवनारा मानूस. एका बैठकीला सोळा पोळ्या. त्येंच्या ताटात कुनाला कवा कमी पडलं न्हाई."

शरच्चंद्ररावांनी ताट पुढं ओढलं. मग म्हणाले, "असं असेल तर मला आणखी एक पोळी वाढा. आकारामरावांची अब्रू राखायला हवी."

राजस आधी हसला. मग त्यानं स्वतःचं ताट वाचलं, 'म्हैस गट, प्रथम क्रमांक', आणि त्याला ठसकाच लागला. "आई, हे मला मिळालं की तुम्हाला?"

"हिच्या आईला मिळालंय," आक्कांनी परड्याच्या भोकाकडं बोट केलं. म्हशीनं तोंड आत घातलेलंच होतं. पल्लवी हसून हसून टेबलावर पडली.

उमाताईंनी आपलं ताट गोल फिरवलं. "हा पप्पू आता केवढा?"

"तुमी बसलाय ती खुर्ची त्येचीच. दोन पोरांचा बाप हाय."

सगळं टेबल हसत होतं. एकमेकांच्या ताटात डोकावून वाचणं चाललं होतं. मला वाटलं, निभावलं. तेवढ्यात उमाताईंनी सहज विचारलं, "आणि विहीणबाई, तुमच्या नावाचं ताट कुठलं?"

"माझ्या नावाचं माझ्या घरात कसं आसंल?" आक्का म्हणाल्या. "नाव घातल्यालं भांडं दुसऱ्याच्या घरी जातंय."

"मग कुणाच्या घरी आहे?"

आक्का पदराला हात पुसत राहिल्या, कोरडेच हात.

माझं तोंड तुम्हाला सांगितलंच आहे. पण त्या वेळी तोंडाआधी पाय चालले. मी आत गेले, खाटेखालनं पोतं ओढलं, बाहेर आणलं आणि दणकन टेबलावर ठेवलं. उरलीसुरली महिरप गेली. "ही बघा त्यांच्या नावाची ताटं. तुम्ही पत्रिकेत भांडी नको छापलंत, म्हणून लग्नापासनं खाटेखाली पडलीत."

"रेश्मा!" हे ओरडले.

"ओरडू नका. मी आता बोलले, बोलले."

पल्लवीनं पोत्यातनं ताट काढलं, काठावरचं वाचलं आणि रडायला लागली. "आई, मला तरी सांगायचंस की गं." आक्का तिच्याकडं बघेनात. खालचं खडखडणं केव्हाच थांबलं होतं.

शरच्चंद्ररावांनी चष्मा काढला. "पत्रिकेचा मजकूर माझा होता," ते म्हणाले. "ती ओळ इतर लोकांसाठी होती, विहीणबाई. आईसाठी नव्हती. पण लिहिताना हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. चुकलं माझं."

"आवं, आसू द्या पावणं. तुमी काय वाईट मनानं..."

उमाताई ताटं एकेक काढून मांडत होत्या. "पाचच?" त्यांनी मधेच विचारलं. "आमच्याकडं माणसं चार. संच येतो सहाचा. पाच कशी घेतलीत?"

"आशीच."

"अशीच कशी?"

आक्कांनी जमिनीकडं बघितलं. आवाज इतका बारीक, की म्हशीचं रवंथ ऐकू येत होतं.

"चार तुमास्नी. आन् मी कवा आलेच तुमच्याकडं, तर माझ्यापायी कुनाचं ताट अडाय नको."

लग्नाला सहा महिने झाले होते आणि आक्का एकदाही सांगलीला गेल्या नव्हत्या. येऊ नका असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. या असंही कुणी म्हटलं नव्हतं. मीसुद्धा कधी चला म्हटलं नव्हतं, माझं माहेर तिथं असून. मी तिथंच सरळ रडायला लागले.

उमाताई उठल्या. पाचवं ताट पदरानं पुसलं.

"सुभेदार, उठा," त्या म्हणाल्या.

हे असे ताडकन उठले, की सॅल्यूटच ठोकतात की काय असं वाटलं. उमाताईंनी आकारामतात्यांच्या ताटाशेजारची, म्हणजे ह्यांची, खुर्ची पुढं ओढली आणि त्यापुढं ते कोरं ताट ठेवलं.

"बसा, विहीणबाई."

"न्हाई न्हाई. ती ताटं तुमची हाईत, दिल्याली..."

"हो ना, आमची. मग आमच्या ताटात कुणाला जेवायला घालायचं ते आम्ही ठरवू. बसा. आणि तुळशीच्या लग्नाला सांगलीला यायचंय, हेच ताट तिथं मांडणार आहे मी."

आक्का बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा, स्वतः सजवलेल्या पंगतीत. खुर्चीच्या कडेवर, मास्तरांनी बाकावर बसवलेल्या पोरीसारख्या. उमाताईंनी मीठ वाढलं, लिंबू वाढलं, पोळी वाढली, वर तूप सोडलं. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे. टेबलभर सांडलेली मसूर डाळ त्यांनी हातानं गोळा केली आणि आक्कांच्या ताटाभोवती महिरप ओढायला लागल्या. त्यांना कुठली जमतेय? एकीकडं जाड, एकीकडं बारीक, वरची कमान तर पार तिरपी गेली.

आम्ही सगळे आक्कांच्या हाताकडं बघत होतो. सरपंचांच्या बायकोची पुसणारी बाई. आक्कांचा हात पदराकडं गेला. पदर उचलला, डोळ्यांना लावला आणि खाली सोडला.

"वाकडी झालीया," त्या म्हणाल्या, पण पुसली नाही. पोळीचा तुकडा मोडला आणि जेवायला लागल्या.